सिंगापूरवैनीचं माहेर

सिंगापूरवैनी बोटानं कधी काही दाखवायची नाही. ओठानं दाखवायची. "वैनी, कात्री कुठंय?" असं विचारलं की हातातली सुई न सोडता ती दोन्ही ओठ पुढं काढून कोपऱ्याकडं करायची, आणि कात्री बरोबर तिथंच असायची. हो म्हणायचं असेल तर तोंड उघडायचीच नाही, नुसत्या भुवया उडवायची. सुरुवातीला आमच्या गल्लीला वाटायचं, ही बाई येता-जाता चकितच होते. बाजारात एकदा तिनं कांद्याचा ढीग असाच ओठानं दाखवला, तर कांदेवाल्याच्या बायकोनं तराजू खाली ठेवला. "काय वं बाई, माझ्या धन्याला तोंड करून दाखवायलीस व्हय?" मी मधे पडले. हिच्या मुलखात असंच दाखवतात म्हणून समजावलं, तेव्हा ती बाई इतकी हसली की कांदे मापाच्या वर पडले. पुढच्या बाजाराला तीच वैनीला ओठानं विचारायला लागली, हे घेतीस का ते?

हे परभणीतलं. पोलीस अ‍ॅक्शन होऊन गेली होती, लोक पुन्हा दारात खाटा टाकून बसायला लागले होते, त्या दिवसांत निर्वासितांच्या छावणीतून एक सिंधी कुटुंब आमच्या गल्लीत राहायला आलं. गोविंदरामशेठ, त्यांची म्हातारी आई आणि ही वैनी. शेठजी तरुणपणी मनिलाला कापडाच्या दुकानात नोकरीला होते. तिथंच त्यांनी लग्न केलं. लढाईत दुकान जळालं म्हणून ते बायकोला घेऊन सिंधमध्ये घरी आले, तर दोन वर्षांत सिंधच हातातून गेला. आता बाजारात त्यांनी कापडाचं छोटं दुकान टाकलं होतं. गल्लीला मनिला ठाऊक नव्हतं. आमच्यातला एक जण लढाईत शिपाई म्हणून सिंगापूरपर्यंत जाऊन आला होता, त्यामुळं समुद्रापलीकडचं आम्हाला तेवढं एकच गाव माहीत. म्हणून ती सिंगापूरवैनी. तिनं दोन-तीनदा सांगून बघितलं, मग भुवया उडवल्या आणि सिंगापूरची झाली.

घरातलं नाव जमुना. ते सासूनं ठेवलेलं. यात आम्हाला काही नवल नव्हतं. मी पेडगावात होते तोवर सखू होते. परभणीत उंबरा ओलांडला, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं, आणि कमल झाले. वैनीचं माहेरचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. सासरी आलेल्या बाईला ते कोण विचारतं?

मी तिच्याकडं शिवण शिकायला जायची. माझी शाळा तिसरीतच सुटलेली. घरी मेंढरं होती, आणि मेंढरांना पाटी वाचता येत नाही, असं माझे बापू म्हणायचे. लग्न होऊन आले तर मालक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, दिवसभर मी एकटी, आणि मला प्रत्येक गोष्टीची धास्ती. पोस्टमन दारात आला तरी मी दाराआड. वैनीनं मला पहिल्या दिवशी मशीनसमोर बसवलं आणि म्हणाली, "भिऊ नको कमळे. सुई तुला वळखती, तूच तिला वळखत न्हाईस अजून." तिचं भरतकाम बघायला लोक जिंतूरहून येत. पांढऱ्या कापडावर पांढराच दोरा, आणि उजेडाकडं धरलं की फुलं दिसायला लागायची. झबली, पोलकी, पोरींचे झगे, सगळं ती शिवायची, आणि शिवताना आमच्यापेक्षा अस्सल परभणीची बोलायची.

भाताशिवाय तिला जेवण वाटायचं नाही. आमच्याकडं भात म्हणजे सणाला, पाव्हण्याला. ती रोज खायची. अनसाआजी, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारी गवळीण, तिला म्हणायची, "तुज्या घरी रोजच दिवाळी गं बाई." वैनी म्हणायची, "मंग या की जेवायला. दिवाळीला एकटं कुनी जेवतं का?" आणि दारावरून जाणारा कुणीही असो, ती खरंच बोलवायची. चिंच घालून आंबट पालेभाजी करायची, ती एकदा खाल्ली की माणूस दुसऱ्यांदा त्याच वेळेला दारावरून जायचा.

आणखी एक तिची रीत. म्हातारं माणूस भेटलं की त्याचा हात आपल्या हातात घ्यायची आणि त्याच्या हाताची मागली बाजू स्वतःच्या कपाळाला लावायची. आम्ही पायावर वाकणार, ती हात कपाळाला लावणार. अनसाआजीला हे फार आवडायचं. "पाया पडून घेताना मला वाकून उठवावं लागतंय. हिचं बरं हाय, बसल्या जागी मान मिळायलाय," ती म्हणायची.

मग एक दिवस पत्र आलं. वैनीच्या धाकट्या बहिणीचं. वैनीनं ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, पोलक्यात ठेवलं आणि मशीन चालू केली. टीप वाकडी गेली. ती वाकडी गेलेली मी कधी पाहिली नव्हती.

"काय झालं वैनी?"

"आईचे डोळे जायलेत. थोडं थोडं दिसतंय अजून. बहीन लिहिती, आई रोज इचारायलीय, मोठी यायलीय का. म्हनती, दिसतंय तवर येऊ दे."

दिसतंय तोवर. त्या दिवसापासून आमच्या गल्लीला दुसरा विषय उरला नाही.

आम्हाला वाटलं, जायचं म्हणजे तिकीट काढायचं. शेठजींनी समजावलं तेव्हा कळलं की आधी पासपोर्ट पाहिजे, आणि पासपोर्ट पाहिजे तर आधी माणूस कुठल्या तरी देशाचं पाहिजे. वैनीजवळ जुना कागद होता, तिच्या मुलखावर अमेरिकेचं राज्य होतं त्या वेळचा. ते राज्य गेलं. तिथलं नवं सरकार म्हणायचं, तू परक्याशी लग्न केलंस, आता तू नवऱ्याच्या देशाची. इथलं सरकार म्हणायचं, नवरा आमचा, पण तू अजून आमची झाली नाहीस. अर्ज कर, चौकशी होईल, शपथ घे, मग.

"तिकडं सासरी गेली म्हनून नाव काढलं," वैनी म्हणाली, "आन् इकडं अजून घातलंच न्हाई. मंग मी सध्या कुठं हाय गं कमळे?"

"माझ्यासमोर," मी म्हटलं, "आन् काज करायलात."

ती हसली, पण मग हळूच म्हणाली, "दोन्ही ठेवता येत न्हाईत म्हने. एकाला हात लावायचा तर दुसरा सोडायचा. आई आन् सासू दोन्ही ठेवता येतात, मंग देसाचं काय बिघडतंय?"

अर्ज गेला तो हैद्राबादला. तिथं तो असताना आमचा जिल्हाच उचलून मुंबई राज्यात घातला. कचेरीतला कारकून म्हणाला, बाई, तुमचा कागद त्या राज्यात राहिला. मी तर रडकुंडीला आले. वैनी कचेरीच्या पायऱ्यांवर बसून खो-खो हसायला लागली. "मी जहाजात बसून समुद्र पार केला, तरी माझा कुठलाच देस न्हाई. तुमी घरात बसल्या बसल्या निजामाचे व्हता, मंग हैद्राबादचे झाले, आता मुंबईचे. तुमाला कुनी अर्ज मागितला व्हता का?" कारकूनसुद्धा हसला, आणि दुसरा अर्ज त्यानं स्वतः लिहून दिला. वैनीचं एक ठरलेलं वाक्य होतं: "कागद रुसला तर रुसू दे, मानूस रुसू नये." पुढं मलाच परदेशी जायला जितके कागद लागले, तितकी मला या वाक्याची किंमत कळत गेली.

आणि मग आमच्या गल्लीनं गोंधळ घातला.

चौकशीला पोलीस आला त्या दिवशी वैनी आणि मी दुकानात शिवलेले कपडे द्यायला गेलो होतो. परत आलो तर अनसाआजी कमरेवर हात ठेवून गल्लीच्या तोंडाशी उभी. डोळे चमकत होते.

"पोलीस आलता गं! हाकलून लावला."

"कशाला आलता?"

"इचारायला, हितं कुनी परदेसी बाई राहती का. म्या म्हनलं, परदेसी? आमच्या गल्लीत? न्हाई रं बाबा, समदी आपलीच हाईत. त्यानं एक नाव वाचलं. साऱ्या बायांनी सांगितलं, अशी कुनी हितं न्हाई, कधी नव्हती. आमी काय चुगल्या करनार हाव का? गेला गप लिहून."

वैनीनं हातातलं नव्या कापडाचं गाठोडं खाली ठेवलं. "काय नाव वाचलं, आजी?"

"काय की बाई. रोझारिओ का काय."

वैनी ओट्यावर बसली. मग म्हणाली, "आजी, ती मीच हाय."

अनसाआजीचा चेहरा मला अजून दिसतो. जिच्यासाठी गल्लीनं पोलिसाला दारातून परत लावलं, तिचीच वाट गल्लीनं अडवली होती. दगाफटका नव्हता, आपलेपणाच होता, आणि तो सरकारी कागदावर असा उतरला: सदर नावाची परदेशी स्त्री या ठिकाणी राहत नाही.

शेठजी ठाण्यात धावले, पण कागद पुढं गेला होता. दोन दिवस अनसाआजी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दूध घालून झाल्यावर तिनं गल्लीत हाक दिली, "चला गं समद्या! आपुन न्हाई म्हनलं, आता आपुनच हाय म्हनून यायचं!" मला वाटलं होतं दोघी-तिघी येतील. बघते तर सगळी गल्ली नव्या लुगड्यात. लग्नाला निघावं तशा आम्ही जिल्हा कचेरीवर निघालो. कचेरीच्या दारात म्हातारा शिपाई आडवा आला, "इतक्या बाया आत न्हाई जायच्या." वैनीनं त्याचा हात घेतला आणि कपाळाला लावला. त्या माणसानं आयुष्यभर साहेबांना सलाम ठोकले होते, त्याला असा मान कुणी दिला असेल? तो बाजूला सरकला, आणि आमच्या पाठोपाठ आत येऊन उभा राहिला.

मोठे साहेब तरुण होते, मद्रासकडचे. मराठी पुस्तकातून शिकलेले. म्हणाले, "साक्षीदारांनी एकेक पुढे यावे. आपले संपूर्ण नाव सांगावे."

अनसाआजी पुढं झाली. "कोंतं सांगू साहेब? म्हायेरचं का सासरचं?"

साहेबांनी टाक खाली ठेवला. "आपल्याला दोन नावे आहेत?"

"मला काय, समद्यांलाच हाईत. बिनलग्नाची सोडून."

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. "बरे," ते म्हणाले, "सासरचे सांगा. आणि पतीचे नाव?"

इथं सगळं थांबलं. अनसाआजी जमिनीकडं बघायला लागली. साहेबांना वाटलं, बाई विसरली. कारकून पुढं वाकून म्हणाला, "सर, या बायका नवऱ्याचं नाव सरळ घेत नाहीत. उखाण्यात घेतात."

"मग उखाण्यात घ्या," साहेब म्हणाले. उखाणा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसावं.

अनसाआजीनं पदर सारखा केला आणि कचेरी दणाणेल अशा आवाजात म्हटलं,

"दौतीत बुडवला टाक, शाई झाली निळी,
किसनरावांचं नाव घेते कचेरीच्या वेळी."

शेजारच्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे राहिले. मग एकेक बाई पुढं झाली. माझी पाळी आली तेव्हा मी एक पाऊल मागं सरकले, पण वैनीनं ओठ पुढं काढून साहेबांकडं केले, बोल म्हणून, आणि मी बोलले:

"पेडगावच्या माळावर सुटला गार वारा,
मारुतरावांचं नाव घेते, साहेब, साक्ष खरी धरा."

साहेब हसू दाबत होते. शेवटी त्यांनी वैनीला पुढं बोलावलं. "आणि आपण? आपल्या पतीचे नाव?"

शेठजी भिंतीला टेकून उभे होते. कागदावर त्यांचं नाव होतंच, सरळ वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं. वैनीनं डोक्यावरून पदर घेतला. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं की तिनं काही जुळवलंय.

"साता समुद्रापल्याड नारळाच्या बागा,
गोविंदरामांचं नाव घेते, तुटू देऊ नका धागा."

शिपायानं डोळे पुसले, आणि अनसाआजी म्हणाली, "आता सांगा साहेब, ही परदेसी हाय का?"

साहेब कारकुनाकडं वळले. "पोलिसांचे चुकले नाही, या बायांचेही चुकले नाही. लिहा, रोझारिओ ऊर्फ जमुना." मग वैनीला त्यांनी सावकाश समजावलं की ही शपथ घेतली की तिकडचा देश कायद्यानं सुटेल. विचार करून सांगा. वैनीनं विचारलं, "आन् आई?" साहेब म्हणाले, "आईला कायदा लागत नाही." वैनीच्या भुवया वर गेल्या. साहेब वाट बघत राहिले. आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो, "हो म्हनाली, साहेब!"

बाहेर आल्यावर ती सारखं ते पुटपुटत होती. ऊर्फ, ऊर्फ. "लय चांगला शब्द काढला गं कुनीतरी. सरकारनं दोन देस न्हाई धरू दिले, पन दोन नावं धरू दिली की."

पासपोर्ट मुंबईहून आला. त्यात छोट्या लताचंही नाव आईच्या नावाखाली होतं. ही परभणीतच जन्मलेली वैनीची पोर, चेहरा आईचा आणि शिव्या अनसाआजीच्या. स्टेशनवर आम्ही वैनीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. नारळ बघून ती म्हणाली, "हे मी नारळाच्या गावाला घेऊन जाऊ?" "न्हे," अनसाआजी म्हणाली, "तुज्या आईला कळू दे, लेक रिकाम्या हातानं न्हाई आली." गाडी सुटली. मनमाडला बदलून मुंबई, मग जहाज. शेठजी फलाटावर उभेच राहिले.

त्यानंतरचे महिने अवघड गेले. बाजारात लोक शेठजींना विचारायचे, "आता कशाची येतीय ती? माहेर ते माहेर." शेठजी मात्र गाडीच्या वेळेला दुकानाबाहेर येऊन उभे राहत. मला मेलीला धास्ती तर कायमची. मी तिच्या मशीनवर बसून शिवत होते आणि मनात म्हणत होते, डोळे गेलेल्या आईला सोडून कोण परत येईल? मी तर आले नसते.

आज मी त्याहून लांब आले आहे. लेकाकडं कॅनडात. इथं वर्षातले कितीतरी महिने खिडकीबाहेर पांढरंच असतं. विमानतळावर काचेआडच्या माणसानं पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हा मी तशीच एक पाऊल मागं सरकले, आणि मग मला एकाएकी कचेरी आठवली. मी ताठ उभी राहिले. ज्या बाईनं मला सुईची ओळख करून दिली, तिनंच मला टेबलापलीकडच्या माणसाच्या डोळ्यांत बघायला शिकवलं. हे ऋण मी कुणाला फेडू? म्हणून लिहिते आहे.

तर वैनी. एका दुपारी लता गल्लीत पळत आली, "आलो आमी, आलो!" आम्ही सगळ्या हातातलं टाकून धावलो. टांग्यातून आधी वैनी उतरली. काळवंडलेली, हसणारी. मग तिनं मागं वळून हात दिला, आणि तिच्या हाताला धरून एक इवलीशी म्हातारी उतरली. पांढरे केस, पायात लाकडी खडावा, अंगावर वैनी शिवायची तसल्याच पांढऱ्यावर पांढऱ्या भरतकामाचं पोलकं. तिला आता सावल्या तेवढ्या दिसत होत्या. वैनी म्हणाली, "आई म्हनली, मला तुजं तोंड दिसलं. आता तू जिथं राहतीस तेवढं बघू दे, सावलीत का हुईना."

अनसाआजीनं पुढं होऊन तिचा हात धरला आणि आपल्या कपाळाला लावायला गेली. त्याच वेळी ती म्हातारी अनसाआजीचा हात आपल्या कपाळाकडं न्यायला लागली. दोघी एकमेकींचे हात ओढत राहिल्या, मोठी कोण हे काही ठरेना. आम्ही हसून हसून गल्लीत बसलो. शेठजी दुकान उघडं टाकून पळत आले आणि त्या गर्दीबाहेरच थबकले.

मग वैनीनं पिशवीतून कागद काढला. आईला थोड्याच महिन्यांची परवानगी होती. परदेशी माणूस आलं की पोलिसांत नोंद करायची, आणि जास्त राहायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी, पुन्हा साक्षी. वैनीनं तो कागद आमच्यापुढं धरला.

"उंद्या जाऊ," अनसाआजी म्हणाली, "आत्ताच नवी लुगडी धुऊन टाका गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, म्हातारीला मधे घेऊन. कचेरीच्या फाटकाशी पोचलो तर तो शिपाई आमच्याकडं न येता आत पळाला. मला वाटलं, आता दार लावतो. थोड्या वेळानं तो बाहेर आला आणि म्हणाला, "या. साहेबांनी खिडकीतनं बघितलं तुमाला. सतरंजी टाकायला लावलीय."